खडकवासल्याला राहायला यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खडकवासल्यात राहणाऱ्या माणसाला पुण्यातले नातेवाईक, ऑफिसातले सहकारी आणि रविवारी धरणाच्या चौपाटीवर कणीस खाणारे अनोळखी लोक एकच गोष्ट विचारतात: इथं राहायला यावं का? नोकरीतून मोकळे झालेले विचारतात, घरून काम करणारे विचारतात, हल्ली गोल्फ खेळणारेही विचारतात. एकेकाला तोंडी जे सांगतो तेच इथं लिहून काढलं आहे. आम्ही घरं विकत नाही. या पाण्याच्या काठी राहतो, आणि जो कुणी नव्याने येईल त्याने सगळं माहीत करून घेऊन यावं, पाण्याला जपणारा शेजारी म्हणून यावं, यासाठी हा खटाटोप.

खडकवासला नेमकं कुठं? गाव म्हणायचं की पुणे?

स्वारगेटपासून सिंहगड रस्त्याने सतरा-अठरा किलोमीटर. कागदावर ते आता पुणेच आहे. ३० जून २०२१ रोजी महापालिकेत जी २३ गावं घेतली, त्यात खडकवासला, किरकटवाडी, नांदेड आणि नांदोशी ही आमच्या बाजूची गावं आली. पण धरणाची भिंत ओलांडून पुढे गेलात की गोऱ्हे, डोणजे, खानापूर इथं ग्रामपंचायत आणि पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. घर बघताना ही सीमा आधी समजून घ्या, कारण घरपट्टी, बांधकामाची परवानगी, कचरागाडी, पाणी, सगळं तिच्यावर ठरतं. दोन घरांमधलं अंतर चालत दहा मिनिटांचं असेल, पण तक्रार घेऊन जायची कचेरी वेगळी.

राहणीमान विचाराल तर गावपण टिकून आहे. यात्रा, भजनी मंडळ, भावकी, गोठे सगळं आहे, आणि त्यांच्याच मागे दहा मजली इमारतीही आहेत.

इतिहास इतिहास म्हणतात, तो सिंहगडाचा की इथला स्वतःचा?

दोन्ही आहेत. सिंहगडाबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे. पण धरणाचा इतिहास लोकांना फारसा माहीत नसतो आणि तो सांगायला मला फार आवडतं.

मुठा नदी अडवून इथं दगडी धरण बांधलं ते १८७० च्या दशकात. काम कर्नल फाइफ या इंग्रज अभियंत्याच्या योजनेप्रमाणे झालं, म्हणून जुन्या कागदांत या तलावाचं नाव ‘लेक फाइफ’ असं सापडतं. पुण्याची वस्ती आणि लष्करी छावणी यांना पाणी, आणि कालव्याने पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्याला शेतीसाठी पाणी, हा त्यामागचा हेतू. दीडशे वर्षं होत आली, तरी धरणाची दोन्ही कामं चालूच आहेत.

मग आले विश्वेश्वरय्या. तेव्हा ते मुंबई इलाख्याच्या सेवेत होते. धरणाची उंची न वाढवता जास्त पाणी कसं साठवायचं, असा पेच होता. त्यांनी सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवर, बसवायचे स्वयंचलित दरवाजे तयार केले. ठरलेल्या पातळीपर्यंत पाणी अडायचं, त्याच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडायचे आणि पाणी उतरलं की आपोआप मिटायचे. १९०३ मध्ये हे दरवाजे पहिल्यांदा बसवले गेले ते आमच्या खडकवासल्यात. पुढे तसे दरवाजे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणाला आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरालाही लागले. चौपाटीवर गाडी लावणाऱ्या हजारो लोकांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं. धरणाजवळ याचा एक नीट वाचता येईल असा मोठा फलक हवा, असं मला मनापासून वाटतं.

धरणाच्या खालच्या अंगाला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, गावात ज्याला सगळे सीडब्ल्यूपीआरएस म्हणतात. स्थापना १९१६ ची. देशातली धरणं, बंदरं, नद्यांची वळणं यांच्या छोट्या प्रतिकृती बांधून, त्यांत खरं पाणी सोडून तिथं अभ्यास होतो. एखादं बंदर प्रत्यक्ष समुद्रात उभं राहायच्या आधी त्याची लाट खडकवासल्यात आपटलेली असते.

आणि १९६१?

तो भाग टाळून इथला इतिहास सांगता येत नाही. १२ जुलै १९६१. वर पानशेतचं मातीचं धरण नुकतं उभं राहत होतं, काम पुरतं झालेलं नव्हतं आणि पहिल्याच पावसाळ्यात पाणी भरलं. बांध खचू लागल्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटलं. तो लोंढा खडकवासल्याच्या जुन्या दगडी भिंतीवर आला, काही तास ती उभी राहिली आणि मग तीही फुटली. पुढे पुण्यात नदीकाठच्या पेठांचं काय झालं ते पुणेकरांच्या घराघरांत सांगितलं जातं. भिंत तेवढा वेळ टिकली म्हणून अनेकांना घर सोडायला अवधी मिळाला, असं जुनी माणसं आजही कृतज्ञतेने बोलतात.

नंतर दोन्ही धरणं नव्याने बांधली. आज धरणाची देखरेख, पाण्याचा अंदाज आणि विसर्गाची पूर्वसूचना यांची रीत तेव्हापेक्षा फार वेगळी आहे. भीती बाळगून इथं राहायची गरज नाही. पण गावातल्या वयस्कर माणसाने मुसळधार पावसात रात्री उठून दोनदा नदीकडे बघितलं, तर त्याला हसू नका.

तलाव वर्षभर भरलेला असतो का? जाहिरातीतल्या फोटोत तर काठोकाठ दिसतो.

फोटो ऑगस्टमधला असणार. खडकवासला हा एकटा तलाव नाही, चार धरणांच्या साखळीतलं ते शेवटचं धरण आहे. वर टेमघर, वरसगाव आणि पानशेत. चारही मिळून उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी, आणि त्यात खडकवासल्याचा वाटा फक्त १.९७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३० कोटी लिटर. वरसगावात १२.८२ आणि पानशेतमध्ये १०.६५ टीएमसी मावतं. म्हणजे कोठारं वर आहेत, आणि आमच्याकडे आहे ते वाटपाचं ठिकाण. वरून पाणी येतं, इथून शहराच्या जलवाहिन्यांत आणि कालव्यात जातं.

त्यामुळे पातळी सतत हलती असते. जुलैत चार दिवस जोराचा पाऊस झाला की हे धरण सगळ्यांत आधी भरतं. मार्चनंतर दौंड-इंदापूरच्या शेतीसाठी कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी झपाट्याने मागे सरतं. मे महिन्यात काठावर भेगाळलेला गाळ दिसतो आणि पाणी बरंच आत गेलेलं असतं. ज्यांना बारा महिने खिडकीतून निळं पाणी हवं आहे त्यांनी मे महिन्यात येऊन एकदा बघून जावं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला पाण्याचा रंग दुधाच्या चहासारखा होतो. सप्टेंबरअखेर गाळ खाली बसतो, पाणी निवळतं आणि त्यात सिंहगडाचा कडा उतरतो. माझ्या लेखी इथला सगळ्यात सुंदर काळ तो. हिवाळ्यात पहाटे धुकं पाण्यावरून सरकत असतं आणि पाहुणे पक्षी उतरतात. त्यासाठी लवकर उठावं लागतं.

पाणी सोडतात तेव्हा घरात शिरतं का?

धरणाच्या वरच्या बाजूला राहत असाल तर विसर्गाचा त्रास नाही. खालच्या बाजूला, नदीपात्राजवळ घर असेल तर मात्र हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. २५ जुलै २०२४ ला विसर्ग पस्तीस हजार क्युसेकच्या वर गेला. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अठ्ठावीस लिटर. पस्तीस हजार म्हणजे दर सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. त्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरून हाहाकार झाला, लोकांना होडीतून काढावं लागलं.

घर घेताना जलसंपदा खात्याच्या पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकामच होता कामा नये. दलाल म्हणेल, “इथं कधी पाणी आलं नाही.” त्याला विचारू नका. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, दुकानातलं खालचं फडताळ कधी रिकामं करावं लागलं होतं का.

पावसाळ्यात विसर्गाचे आकडे रोज बातम्यांत येतात. आठवडाभरात तुम्हीही नळाच्या वेळेसारखे ते आकडे पाठ म्हणू लागाल.

धरणाला लागून घर, म्हणजे पाण्याची ददात नसेल ना?

‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण आमच्याकडे अक्षरशः लागू पडते, आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

धरणातलं पाणी शहरात जाऊन शुद्ध होतं. धरणाला लागून असलेल्या गावांना मात्र वर्षानुवर्षं विहिरीचं किंवा धरणातून थेट उचललेलं पाणी, फक्त ब्लीचिंग पावडर टाकून मिळत आलं. २०२५ च्या जानेवारीत याची किंमत मोजावी लागली. नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढले. पुणे परिसरात मिळून संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. आधी जुलाब, मग हातापायांतली ताकद जाणं, काहींना थेट व्हेंटिलेटर. दूषित पाण्याकडे बोट गेलं, आणि त्यानंतर या भागासाठी जलशुद्धीकरण केंद्राची मागणी एकदाची गांभीर्याने घेतली गेली.

म्हणून घर बघायला याल तेव्हा टाइल्सच्या आधी नळ उघडा. पाणी कुठून येतं ते विचारा: महापालिकेची लाइन, सोसायटीची बोअर, की टँकर? टँकर असेल तर तो कुठं भरतो? मग ओटी टेस्ट करा. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी जे करतो तेच घरी करता येतं. छोट्या काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात ऑर्थोटोलिडिन या द्रावणाचे काही थेंब टाकायचे. पाणी पिवळसर झालं तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. रंग बदललाच नाही तर तुमच्यापर्यंत येईस्तोवर क्लोरीन संपलेला आहे, किंवा टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेलंच नाही. नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवा. आमच्याकडे जीबीएसनंतर अनेक सोसायट्यांत ही नळी वॉचमनच्या केबिनमध्येच ठेवलेली असते आणि सकाळी मोटर लावल्यावर पाणी तपासलं जातं. ही सवय टिकावी. पिण्याचं पाणी उकळून प्या, टाक्या नियमित धुवून घ्या.

आता दुसरी बाजू. हेच पाणी बहुतेक पुणे पितं. काठावरच्या फार्महाउसचा, हॉटेलचा, सोसायटीचा मैला जर ओढ्यातून तलावात जात असेल, तर तो कुणाच्या तरी माठात जातो. तुम्ही ज्या इमारतीत घर घेताय तिचं सांडपाणी कुठं जातं, एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प, आहे का आणि तो खरोखर चालू असतो का, हे विचारणं हे इथं येणाऱ्या प्रत्येकाचं काम आहे. एसटीपी बंद असला की ते वासावरून कळतं. संध्याकाळी जाऊन तिथं पाच मिनिटं उभे राहा.

जवळच गोल्फ आहे म्हणे. रोज खेळता येईल?

गोल्फ आहे, पण माहितीपत्रकात वाटतो तसा नाही.

सगळ्यात जवळचं मैदान एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या आवारात. ते लष्कराचं आहे. गेटवर जाऊन पावती फाडली आणि खेळलो, असं होत नाही. सेनादलांतल्या आजी-माजी अधिकाऱ्यांना तिथल्या नियमांप्रमाणे खेळता येतं, आणि निवृत्तीनंतर त्यातले काही जण या भागात घर शोधतात ते यासाठीही. तुम्ही त्यांच्यातले नसाल तर ‘गोल्फ शेजारी’ या शब्दांसाठी बिल्डरला जादा पैसे देऊ नका.

बाकीच्यांसाठी बावधनच्या बाजूला डोंगरात ऑक्सफर्डचं अठरा होलचं मैदान आहे. उतार-चढाव भरपूर आहेत, दम लागतो, आणि वरून दिसणारा देखावा सुरेख. वारजे, चांदणी चौकावरून तिथं जाता येतं. दुसरं पूना क्लबचं, येरवड्याला. जुनी झाडी, सपाट फेअरवे (कापलेल्या गवताचे लांब पट्टे), व्यावसायिक स्पर्धा होतात. पण आमच्याकडून येरवडा म्हणजे सगळं शहर ओलांडणं. पहाटे साडेपाचला निघालात तर गाडी सुरेख जाते. परत येताना मात्र ऊन आणि सिग्नल दोन्ही भोवतात. दोन्ही ठिकाणी सदस्यत्व आणि पाहुण्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलत असतात, तेव्हा क्लबलाच फोन करून विचारा.

कधीच खेळला नसाल आणि आता शिकावंसं वाटत असेल तर जरूर शिका. हा म्हातारपणापर्यंत साथ देणारा खेळ आहे. अठरा होलच्या फेरीला चार तासांच्या आसपास लागतात आणि सहा-सात किलोमीटर चालणं सहज होतं. बहुतेक मैदानांचं पार ७२ असतं, म्हणजे चांगल्या खेळाडूने बहात्तर फटक्यांत फेरी संपवावी अशी अपेक्षा. तुमचे सुरुवातीला सव्वाशे झाले तरी चालेल. आधी ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांचा सराव करायच्या मैदानावर जा, चेंडूंची बादली घ्या, एका सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या काठीने) महिनाभर हात बसवा. पूर्ण किट लगेच विकत घेऊ नका. आणि कॅडीचं, म्हणजे काठ्यांची पिशवी घेऊन सोबत चालणाऱ्याचं ऐका. वारा कुठून आहे, ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ, कुठं उतरतं, हे त्याला पायाने माहीत असतं. भारतातले कितीतरी नावाजलेले व्यावसायिक खेळाडू कॅडी म्हणूनच वाढले. पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळला, तेव्हापासून आमच्याकडच्या काही आईवडिलांनाही हा खेळ परका वाटेनासा झाला आहे.

आता एक स्पष्ट मत. धरणाच्या पाणलोटात नवं गोल्फ मैदान येऊ नये. हिरवळ हिरवी ठेवायला रोज प्रचंड पाणी लागतं, शिवाय खतं आणि तणनाशकं. उतारावरून पहिल्या पावसात ते सगळं वाहून कुठं जाणार? तलावात. प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरून, धरणाच्या खालच्या बाजूला कुणी मैदान करत असेल तर आनंदाने करावं, मुलांना शिकवावं. पण पिण्याच्या पाण्याच्या वर नको.

बॅकवॉटरला लेक व्ह्यू प्लॉट घ्यावा का?

शनिवारी पांढऱ्या गाडीतून फिरवून आणतात, झाडाखाली चहा देतात आणि संध्याकाळी टोकन मागतात. थांबा.

सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडून स्वतः काढा. जमीन शेतीची असेल तर महाराष्ट्रात ती शेतकरीच विकत घेऊ शकतो. एनए, म्हणजे बिगरशेती, झाली आहे असं सांगत असतील तर आदेशाची प्रत बघा, सातबाऱ्यावर पुनर्वसनाचा किंवा इतर हक्कांत कसला शेरा आहे का ते बघा. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मोकळी दिसणारी काठाची जमीन म्हणजे गाळपेर. ती सरकारी असते, पावसाळ्यात पाण्याखाली जाते, तिच्यावर कुणाचा प्लॉट असू शकत नाही. एनडीएच्या हद्दीजवळ संरक्षण खात्याचे बांधकामावरचे निर्बंध लागतात. इमारतीत फ्लॅट घेत असाल तर महारेरा क्रमांक, म्हणजे गृहप्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक बघा.

आणि वरसगाव जलाशयाच्या काठी वसवायला घेतलेल्या लवासा शहराची गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घरासाठी पैसे भरलेली किती कुटुंबं त्यात अडकली! पाण्याचा देखावा खरा होता. त्याने कागद खरे होत नाहीत.

रोज ऑफिसला जाणं जमेल?

जमतं, पण सिंहगड रस्त्याची ख्याती तुम्ही ऐकली असेलच. नांदेड फाटा, धायरी फाटा, वडगाव, माणिकबाग, आनंदनगर, विठ्ठलवाडी, राजाराम पूल, अशी ती माळ आहे. २०२४-२५ मध्ये उड्डाणपूल टप्प्याटप्प्याने खुले झाले आणि राजाराम पुलापाशी पूर्वी जो जीव जायचा तो आता तेवढा जात नाही. धायरी फाट्याच्या अलीकडे, आमच्या बाजूला, अजून तसंच आहे. हिंजवडीला रोज जाणाऱ्याला मी हा भाग सुचवत नाही. महामार्गाने जावं लागतं आणि नवले पुलाच्या उतारावरचे अपघात सगळ्यांना माहीत आहेत.

पीएमपीची बस स्वारगेटहून आहे, सकाळी बऱ्यापैकी मिळते. खडकवासला ते खराडी या मेट्रो मार्गाला २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. आनंद आहे. पण मंजुरी आणि पहिली गाडी यांच्यात किती पावसाळे जातात ते पुणेकराला सांगायला नको. मेट्रो आली असं धरून आज हप्ता ठरवू नका.

शनिवार-रविवारी घराबाहेर पडता येतं का?

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी दहा ते रात्री आठ, नाही. हे गृहीतच धरा. भाजी, औषधं, पेट्रोल शनिवारी सकाळीच. पाहुण्यांना रविवारी जेवायला बोलवायचं तर नऊच्या आत बोलवा आणि संध्याकाळी उशिरा सोडा. घरात आजारी माणूस असेल तर धायरीकडे जायचे आतले रस्ते आधी पाठ करून ठेवा, कारण मुख्य रस्त्यावर रुग्णवाहिकाही अडकते.

चौपाटीवर भजीच्या कढया, कणसाच्या शेगड्या, ताक, वडापाव. या गाड्यांवर आमच्या गावची कित्येक घरं चालतात, त्यामुळे गर्दीचा राग धरून चालत नाही. राग येतो तो सोमवारी सकाळी. भिंतीच्या कडेने चाललात तर तेलकट कागदी प्लेट, पाण्याच्या बाटल्या, कणसाची सालं, वाऱ्याने ढकलत ढकलत थेट पाण्याच्या रेषेपर्यंत गेलेली असतात. गावातली तरुण मुलं गोण्या घेऊन उचलतात. राहायला आलात तर त्यांच्याबरोबर एखाद्या सोमवारी उतरा, अर्ध्या गावाशी ओळख होईल.

तलावात पोहता येतं? बोटिंग?

नाही. पोहायला बंदी आहे आणि दर वर्षी बंदी मोडून कुणाचा तरी मुलगा जातो. काठ सपाट दिसतो, पण खाली गाळ आहे. पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि पुढच्या पावलाला एकदम खोल. पोहता येणारेही यात अडकतात. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

बिबट्या येतो का?

एनडीएचं जंगल आणि सिंहगडाचा पायथा इथं बिबट्याचा वावर आहे. माणसांवर तो सहसा उठत नाही, पण अंगणात बांधलेलं कुत्रं त्याला पुरतं. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं सोडू नका, कचरा उघडा टाकू नका (कचऱ्यामागे कुत्री येतात, कुत्र्यांमागे तो), आणि दिसलाच तर मोबाइल घेऊन मागे धावू नका. वनखात्याला कळवा.

एनडीए आतून बघता येते?

परवानगीशिवाय नाही. ६ ऑक्टोबर १९४९ ला नेहरूंनी कोनशिला बसवली आणि जानेवारी १९५५ मध्ये रीतसर उद्घाटन झालं. तिच्या मुख्य इमारतीचा, सुदान ब्लॉकचा घुमट पलीकडच्या काठाने जाताना दिसतो. सुदानने दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला. मे आणि नोव्हेंबरमध्ये दीक्षान्त संचलन असतं, तेव्हा आकाशात विमानं-हेलिकॉप्टरं घुमतात आणि गावातली पोरं गच्चीवर जातात. ३० मे २०२५ ला पहिल्यांदा मुलींची तुकडी संचलनाच्या खेत्रपाल मैदानावरून बाहेर पडली, १७ जणी. त्या सकाळी आमच्या गच्चीवर मुलीच जास्त होत्या.

शाळा, दवाखाने?

प्राथमिक उपचार गावात होतात, रोजचे डॉक्टर चांगले आहेत. मोठ्या आजाराला धायरी-वडगाव किंवा थेट शहर. इंग्रजी शाळा नांदेड-धायरी पट्ट्यात बऱ्याच आहेत, मराठी शाळा गावात आहे. मराठी शाळेत मूल घालायचा विचार असेल तर आधी जाऊन वर्ग बघा, शिक्षकांशी बोला; ऐकीव गोष्टींवर नाही म्हणू नका.

सिंहगड रोज चढता येतो का?

रोज चढणारे खूप आहेत. पायवाट आतकरवाडीतून. नेहमीची माणसं पाऊण-एक तासात वर जातात, नव्या माणसाला दीड लागतो. गडाची उंची समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या वर, त्यामुळे डिसेंबरात वर वारा झोंबतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे ज्या कड्याने चढले तो बघितला की पायवाटेबद्दल कुरकुर करावीशी वाटत नाही. वर राजाराम महाराजांची समाधी आहे, त्यांचं निधन १७०० मध्ये याच गडावर झालं. लोकमान्यांचा बंगला आहे. देवटाक्याचं पाणी गार. मग पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. दही विकणाऱ्या मावशी पहाटे पायथ्याच्या गावांतून मडकी डोक्यावर घेऊन चढतात. तुमचा दम जिथं लागतो तिथं त्या बोलत बोलत पुढे जातात. त्यांच्याकडून घ्या आणि भाव करू नका.

रविवारी गाडीने वर जाऊ नका. घाटात तासन् तास अडकाल.

आईवडील सत्तरीचे आहेत. त्यांना करमेल का?

चालणारे असतील, माणसांत मिसळणारे असतील तर छान करमतं. सकाळी भिंतीकडचा फेरफटका, मंदिर, पारावरच्या गप्पा, हरिपाठ. पण नाटक, सभा, व्याख्यानं, जुने मित्र सगळे शहरात. रात्री नऊला भरत नाट्य मंदिरातून सुटून इथं परतायचं म्हणजे कुणीतरी गाडी चालवणारं हवं. ज्यांचा जीव पेठेत आहे त्यांना केवळ हवा चांगली म्हणून इथं आणू नका. त्यांच्या हवेत माणसंही असतात.

आधी भाड्याने राहून बघावं का?

हो, आणि अकरा महिन्यांचा करार जूनपासून करा. सोय अशी की पहिले चार महिने पाऊस, विसर्ग, रविवारची गर्दी आणि ओल आलेल्या भिंती बघून होतात, पुढचे चार सुखाचे जातात, आणि शेवटच्या तीनांत टँकर किती येतात ते कळतं. भाडेकरार नोंदवून घ्या, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायला लावा. घरमालक गावातलाच असेल तर त्याच्या घरी गणपतीला जा. कुठल्या जमिनीवर वाद आहे, कुठली बोअर उन्हाळ्यात आटते, कुठल्या बिल्डरने ओढा बुजवला, हे वकिलाच्या आधी तिथं कळतं. करार संपायच्या आत, म्हणजे एप्रिलच्या शेवटी, खरेदीसाठी घरं बघायला सुरुवात करा आणि ओटी टेस्टची नळी खिशात ठेवा.